विचारा, सांगते : अब्रुत्सोच्या मेंढ्या, मसूर आणि केशर

मागच्या अंकात मी इटलीतल्या अब्रुत्सो प्रांतावर दोन पानं लिहिली होती. माझी लेक तिथे लाक्विला शहरात संशोधन करते, तिच्याकडे जाऊन राहणं होतं, त्यातून जमलेला तो मजकूर. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. सर्वांत जास्त प्रश्न खाण्यावरचे आहेत, इंदूरच्या मासिकाला ते शोभतंच. नावं न छापण्याची विनंती बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून कोणाचंच नाव दिलेलं नाही.

काकू, इटली म्हटलं की आम्हांला रोम, व्हेनिस आणि पिझ्झा. हा अब्रुत्सो तुम्ही कुठून शोधून काढलात? नकाशात नक्की कुठे बघायचं?
(एक निवृत्त बँक अधिकारी, सुदामानगर, इंदूर)

रोमवर बोट ठेवा आणि सरळ उजवीकडे समुद्रापर्यंत न्या. मध्ये जो डोंगराळ पट्टा लागतो तो अब्रुत्सो. रोमहून लाक्विला बसने दोन तासांच्या आत येतं. प्रांताची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या इंदूर शहराहून कमी. चार जिल्हे, तीन राष्ट्रीय उद्यानं आणि जवळजवळ एक तृतीयांश जमीन राखीव. अपेनाइन पर्वतरांगेतलं सर्वांत उंच शिखर, कोर्नो ग्रांदे, याच प्रांतात आहे, २९१२ मीटर. हवा स्वच्छ असली की तिथून एड्रियाटिक समुद्र दिसतो. द्राक्षमळे, सरूची झाडं आणि संगमरवरी गच्ची हवी असेल तर तोस्कानाला जा, त्याची सोय तिकडे उत्तम आहे. इथे दगड, गवत आणि वारा.

ताई, तुम्ही अब्रुत्सोला "मेंढपाळांनी घडवलेला प्रांत" म्हणालात. होळकरांच्या गावात बसून हे वाचताना कुतूहल वाटलं. आपल्या धनगरांसारखेच का ते? जरा सविस्तर सांगावे.
(इतिहासाची आवड असलेला एक वाचक, रामबाग, इंदूर)

रामबागेतून असं पत्र आलं याचा आनंद झाला, म्हणून जागाही जास्त घेते. मल्हारराव होळकर धनगराच्या घरातले हे इंदूरच्या पोरांना शाळेतच कळतं. पण धनगर वर्षभर नेमकं काय करतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? महाराष्ट्रातले धनगर पावसाळा सरला की कोकणात उतरतात आणि पुढचा पाऊस यायच्या आत घाटावर परततात. माळव्यात आपल्याला दिसतात ते मारवाडातून उंट-मेंढ्या घेऊन येणारे राईका. देवासच्या रस्त्यावर त्यांचा कळप आडवा आला की आपण हॉर्न वाजवतो, एवढाच आपला संबंध.

अब्रुत्सोतला हिशेब पावसाचा नाही, बर्फाचा आहे. ग्रान सास्सो पर्वताच्या अंगावर काम्पो इम्पेराटोरे नावाचं पठार आहे, साधारण १८०० मीटर उंचीवर. उन्हाळ्यात तिथे नजर पोचेल तिथवर गवत, आणि हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. दक्षिणेकडे पुल्या प्रांतात फोज्जा शहराभोवती मोठं मैदान आहे, तिथला हिवाळा सौम्य. म्हणून शरद ऋतूत मेंढ्या खाली न्यायच्या आणि मे-जूनच्या सुमारास वर आणायच्या. लाक्विला ते फोज्जा हा सर्वांत लांब मार्ग २४४ किलोमीटरचा. सगळं पायी, मेंढीच्या चालीने.

हे काम नुसत्या रूढीवर चालत नव्हतं. १४४७ साली नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने मेंढ्यांसाठी स्वतंत्र जकात खातं उघडलं. पुढे १४६८ मध्ये त्याची कचेरी फोज्जात आली. डोक्यागणिक कर भरायचा, त्याबदल्यात चराईचा हक्क आणि जायला राखीव वाट मिळायची. त्या वाटांना त्रात्तूरो म्हणतात. मोठ्या त्रात्तूरोची रुंदी कायद्याने ठरलेली होती, साठ नेपोलिटन पावलं, म्हणजे १११ मीटर. आपला बायपाससुद्धा इतका रुंद नाही! रुंदी एवढी कशाला, तर कळपाने चालता चालता चरावं आणि बाजूच्या शेतात तोंड घालू नये. या करातून नेपल्सच्या खजिन्यात मोठी रक्कम येई, त्यामुळे मेंढपाळाला दरबारात कोणी हिडीसफिडीस करत नसे. हे खातं १८०६ पर्यंत चाललं. मग मैदानातली कुरणं नांगराखाली गेली, तिथे गहू आला आणि मेंढ्यांना हिवाळ्यात उतरायला जागाच उरली नाही. आता ज्या थोड्या मेंढ्या खाली जातात त्या बहुतेक ट्रकमधून. २०१९ मध्ये युनेस्कोने या स्थलांतराला अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. वारशाच्या यादीत गोष्ट केव्हा जाते ते आपल्याला माहीत आहेच.

मला यात सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते बायकांच्या आयुष्याने. पुरुष वर्षातले सात-आठ महिने बाहेर. म्हणजे शेत, म्हातारे, बाळंतपणं, डुकराची आणि कोंबड्यांची उठाठेव, सगळं गावात उरलेल्या बायकांवर. लेकीची घरमालकीण सत्तरीच्या पुढची आहे, तेरामोकडची. तिची आजी नवऱ्याला "उन्हाळ्यातला पाहुणा" म्हणायची, असं ती हसत सांगते. स्कान्नो नावाच्या गावात बायकांचा काळा घेरदार पोशाख आणि सोन्याचे नक्षीदार दागिने फार प्रसिद्ध आहेत. कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९५१ मध्ये तिथे काढलेली चित्रं जगभर गेली. लोक त्या पोशाखाचं कौतुक करतात. मी त्या चित्रांतले रस्ते बघत बसते. घरचे पुरुष तेव्हा कुठे असतील, हा विचार मनात येतो.

लोकरीवर गावं श्रीमंत झाली हेही खरं. सान्तो स्तेफानो दि सेस्सानिओ हे डोंगरावरचं चिमुकलं गाव १५७९ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने घेतलं, ते तिथल्या लोकरीच्या व्यापारासाठी. आज त्या गावात शंभरेक माणसं राहतात आणि वेशीवर मात्र मेदिचींची राजमुद्रा आहे.

आणि कुत्रा! पांढराशुभ्र, दांडगा अब्रुत्सी मेंढपाळ कुत्रा. पिल्लू असल्यापासून त्याला मेंढ्यांतच वाढवतात. त्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, लांडग्याने गळा धरू नये म्हणून. पांढरा का, तर अंधारात लांडगा कोणता आणि आपला कोणता हे चटकन कळावं म्हणून, असं मेंढपाळ सांगतात. चालायला गेलात आणि असा कुत्रा भुंकत आला तर पळू नका, काठी उगारू नका, कळपाला लांबून वळसा घाला.

मावशी, आमच्याकडे कांदा-लसूण चालतो, अंडंही चालतं, मांस नाही. मुलगा रोमला नोकरीला लागला आहे, त्याला तिकडे फिरायला जायचं आहे. काय खाईल? आणि लेखात तुम्ही मसुराचं इतकं कौतुक केलंत, तो आपल्याकडे करता येईल का?
(एक गृहिणी, लोकमान्य नगर, इंदूर)

उपाशी नाही राहायचा, पण डोळे उघडे ठेवायला सांगा.

आधी मसूर. सान्तो स्तेफानोच्या आसपास हजार मीटरच्या वर खडकाळ जमिनीत हा पिकतो. दाणा अगदी बारीक, काळपट तपकिरी, साल इतकी पातळ की भिजवावा लागत नाही. वसंतात पेरायचा, ऑगस्टच्या सुमारास काढायचा. पीक थोडं, मशिनला जागा नाही, म्हणून महाग. शिजवण्याची रीत ऐकून तुम्ही नाक मुरडाल : पाणी, मसूर, दोन पाकळ्या लसूण, तमालपत्र, मीठ. मंद आचेवर गाळ न होता शिजवायचा. ताटात वाढल्यावर वरून कच्चं ऑलिव्ह तेल आणि तेलात परतलेले शिळ्या पावाचे तुकडे. फोडणी नाही, हळद नाही, जिरावण तर नाहीच. मला पहिल्यांदा ते पथ्याचं जेवण वाटलं. मग कळलं की त्या मसुराला स्वतःची चव आहे आणि आपण मसाल्याखाली ती कधी चाखलेलीच नाही. इथे करायचा तर सियागंजात विदिशा-सागरकडचा बारीक अख्खा मसूर मागा, लाल सोललेली डाळ नको. आपलं तमालपत्र (तेजपान) आणि तिकडचं (बे लॉरेल) ही वेगवेगळी झाडं आहेत, आपलं पान दालचिनीच्या प्रजातीतलं, म्हणून अर्धंच घाला.

आता दक्षतेचं. कडधान्याच्या सूपमध्ये डुकराची चरबी विरघळलेली असू शकते, वरून दिसत नाही. विचारायचंच. आणि चीज. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो तिथे प्रत्येक पदार्थावर किसून पडतं, आणि जुन्या रीतीचं पेकोरिनो कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. फारिंदोला गावचं तर त्याहून वेगळं, तिथे डुकराच्या जठराचं विरजण वापरतात, आणि ते चीज परंपरेने बायकाच करतात. त्याची चव मोठी नावाजलेली आहे, पण मुलाला कळून खाऊ दे. वनस्पतीज किंवा सूक्ष्मजीवांच्या विरजणाचं चीजही मिळतं, वेष्टनावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं चीज घेतलंत की हा प्रश्नच येत नाही.

अंडं चालतं म्हणालात, मग "पाल्लोत्ते काचो ए ओवे" जरूर करा. गरिबाघरचा पदार्थ, मांसाच्या गोळ्यांऐवजी चीज आणि पाव. दोन वाट्या किसलेलं चांगलं मुरलेलं चीज (ते वितळून ताणणारं प्रोसेस्ड नको), तितकाच शिळ्या पावाचा गर दुधात भिजवून घट्ट पिळलेला, तीन अंडी, लसूण, मिरपूड, पार्सली किंवा थोडी कोथिंबीर. मळून अर्धा तास ठेवायचं, गोळे करून तळायचे आणि टोमॅटोच्या पातळ रश्शात पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर सोडायचे. रस्सा पिऊन ते फुगतात. मीठ शेवटी, चीज खारट असतं. अंड्याशिवाय होईल का असं पुढचं पत्र येणार हे मला माहीत आहे. नाही होणार. अंडं न खाणाऱ्यांनी मसूरच करावा.

चिचेर्क्या नावाचं एक कडधान्य तिथल्या दुकानात दिसेल, चपट्या कोनाकोनाच्या दाण्याचं. कास्तेलवेक्यो काल्विसिओ गावात ते आवडीने पिकवतात. ही आपली लाख, हिंदीत जिला तिवडा किंवा खेसारी म्हणतात तीच. दुष्काळात तीच रोज खाऊन रीवा-सतना भागात माणसं पायांनी अधू झाली होती, ते जुन्या लोकांना आठवत असेल. तिकडे ती रात्रभर भिजवून पाणी फेकतात आणि कधीमधी वाटीभर खातात. मुलाने तिथे एकदा सूप प्यायला हरकत नाही, पोतं बांधून आणू नये.

मांस खाणाऱ्यांनी विचारलं नाही, तरी एक ओळ : आर्रोस्तिचिनी. मेंढीच्या मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे लाकडी काडीला लावून, लांब अरुंद शेगडीवर भाजतात, मीठ सोडून काहीही लावत नाहीत. माझे यजमान अशा काड्यांची जुडीच्या जुडी संपवतात आणि वर म्हणतात, मेंढपाळाला मसाला परवडत नव्हता हे बरंच झालं.

सप्रेम नमस्कार. इटलीत केशर पिकते हे आपल्या लेखातून प्रथमच कळले. काश्मीरचे सरस की तिकडचे? तसेच हल्ली बंद खोलीत केशर काढण्याच्या बातम्या येतात, त्याबद्दल आपले मत काय?
(एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार. सरस-निरस ठरवायला मी बसत नाही, दोन्ही फुलं एकाच जातीची. रीत मात्र वेगळी आहे, ती सांगते.

लाक्विलाजवळ नावेल्ली नावाचं पठार आहे. तिथलं केशर २००५ पासून युरोपच्या संरक्षित नावाच्या यादीत आहे. स्पेनहून एका डॉमिनिकन साधूने तेराव्या शतकात कंद आणले अशी तिथली आख्यायिका. काश्मीरात कंद वर्षानुवर्षं जमिनीत राहतो. नावेल्लीत तो दर उन्हाळ्यात उकरून काढतात, कुजके-किडके निवडून फेकतात आणि ऑगस्टमध्ये नव्या जागी लावतात. कंबर मोडणारं काम आहे, पण त्यामुळे रोग पसरत नाही आणि फूल मोठं येतं.

फुलोरा ऑक्टोबरच्या मध्यापासून दोन-तीन आठवडे. खुडणी पहाटे, फूल उमलायच्या आत, कारण ऊन लागलं की पाकळी उघडते, मऊ पडते आणि आतला तंतू सोडवणं जड जातं. टोपल्या घरी आल्या की सगळं घर टेबलाभोवती. एका फुलात तीन लाल तंतू. मग ते चाळणीत पसरून ओकच्या किंवा बदामाच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर सुकवतात. सहाशे ग्रॅम ओल्या तंतूंचे शंभर ग्रॅम उरतात, आणि किलोभर कोरड्या केशराला दोन लाखांच्या घरात फुलं लागतात. घरमालकिणीच्या ओळखीने मी त्या टेबलाशी बसले आहे. बोटं पिवळी होतात, पाठ धरते, गप्पा मात्र थांबत नाहीत.

आपल्याला वाटेल की अशा गावात प्रत्येक पातेल्यात केशर पडत असेल. मुळीच नाही. शतकानुशतकं ते व्हेनिस, मिलान आणि जर्मनीच्या व्यापाऱ्यांकडे गेलं. लाक्विलाच्या देवळांचा आणि वाड्यांचा पैसा लोकरीचा आणि केशराचा, पण पिकवणाऱ्याच्या पानात ते क्वचितच आलं. आज हॉटेलांत केशरी पास्ता मिळतो, ती हल्लीची हौस.

खोलीतल्या केशराबद्दल : अशक्य नाही. कंदाला उन्हाळ्यात ऊब लागते, त्या विश्रांतीत आत फूल घडतं, आणि मग ते बाहेर यायला गारवा लागतो. हे दोन्ही यंत्राने देता येतं. पण फुलून गेल्यावर कंदाचं पोट पुन्हा भरायला हिरवी पात, ऊन आणि माती लागते. ते नसेल तर पुढच्या वर्षी नवे कंद विकत आणावे लागतात. कोणी तुम्हांला कंद विकायला आला, तर दुसऱ्या वर्षीचा हिशेब आधी मागा.

अब्रुत्सोत अस्वलं आहेत म्हणे? मी नववीत आहे. तुम्हांला दिसलं का?
(एक विद्यार्थिनी, तिलकनगर, इंदूर)

नाही गं, दिसलं नाही, आणि बरंच झालं. मार्सिकन अस्वल नावाची तपकिरी अस्वलाची ही जात फक्त मध्य इटलीच्या डोंगरांत उरली आहे, सगळी मिळून पन्नास-साठ. त्यांच्यासाठीच्या राष्ट्रीय उद्यानावर १९२३ मध्ये सरकारी शिक्का बसला, म्हणजे ते शंभरी ओलांडून गेलं. त्याचं मुख्य गाव पेस्कासेरोली.

एक खरी गोष्ट सांगते. आमारेना नावाच्या अस्वलिणीला २०२० मध्ये एकदम चार पिल्लं झाली. त्यातला एक, हुआन कार्रितो, माणसांना इतका सरावला की रोक्काराझो गावात एका बेकरीत शिरून बिस्किटं खाऊन आला. सगळ्या इटलीने त्याचे व्हिडिओ पाहिले, हसले. जानेवारी २०२३ मध्ये तो गाडीखाली मेला. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस आमारेनाला एका माणसाने गोळी घातली, मागे दोन लहान पिल्लं. अस्वल गावात आलं की टाळ्या वाजवणारेही त्याचं भलं करत नाहीत, हे तिथल्या वनरक्षकांचं म्हणणं मला पटतं.

लांडग्यांचं मात्र उलट झालं. १९७०च्या सुमारास सबंध इटलीत शंभरेक उरले होते, शिकार बंद झाली आणि आता ते हजारोंत आहेत. मेंढपाळ यावर खूश नाहीत, हेही लिहून ठेव.

१ मे रोजी तिथे देवाच्या मूर्तीवर जिवंत साप सोडतात असे वाचले. आपल्या नागपंचमीला नावे ठेवणारे युरोपीय लोक हे कसे चालवून घेतात?
(एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

कोकुल्लो गाव, वस्ती दोन-अडीचशे. संत दोमेनिको हा सर्पदंश, कुत्र्याचं चावणं आणि दातदुखी यांवरचा तारक. मार्चमध्ये बर्फ वितळला की गावचे साप पकडणारे डोंगरात जातात. साप सगळे बिनविषारी, त्यातला चार पट्ट्यांचा लांबलचक चेर्व्होने मुख्य. पूर्वी हा उत्सव मेच्या पहिल्या गुरुवारी असे, आता १ मेला. दुपारी मूर्ती देवळातून निघते, तिच्यावर साप घालतात आणि ते कोणीकडे सरकतात यावरून वर्षाचं भाकीत करतात. देवळात घंटेची साखळी दाताने ओढायची, म्हणजे वर्षभर दात दुखत नाहीत. मी ओढली नाही, माझी कवळी आहे.

ख्रिस्ती धर्म यायच्या आधी या भागात मार्सी लोक आंजित्सिया नावाच्या देवतेला भजत, तिचाही सापांशी आणि औषधांशी संबंध. देव बदलले, साप राहिले.

तुमच्या टोमण्याचं उत्तर : तिथेही सापांना कायद्याचं संरक्षण आहे, उत्सवासाठी खास परवानगी लागते. प्राणिशास्त्रज्ञ प्रत्येक साप मोजतात, तपासतात, नोंद ठेवतात, आणि नंतर तो जिथे सापडला तिथेच सोडतात. बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांचे खेळ न्यायालयाने थांबवले ते नागाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांचे हाल होत होते म्हणून. साप पकडणाऱ्यांना सरळ गुन्हेगार ठरवण्याऐवजी त्यांच्याकडून अभ्यासाचं काम करून घेता येतं, हे कोकुल्लोकडून घेण्यासारखं आहे. युरोपीय लोकांची बाकीची वकिली मी करणार नाही.

गोडाधोडाचं काहीच लिहिलं नाहीत!
(दोघी मैत्रिणी, राजेंद्रनगर, इंदूर)

लिहिते. सुल्मोना गावचे कॉन्फेत्ती. सोललेल्या बदामावर साखरेच्या पाकाचे थर चढवत नेतात, फिरत्या तांब्याच्या कढईत, थोडा थोडा पाक घालून. आपण संक्रांतीला तिळाचा हलवा करतो तेच तंत्र, फक्त काटा येऊ न देता गुळगुळीत राखायचं. पीठ अजिबात घालत नाहीत, हा सुल्मोनाचा अभिमान. पेलिनो घराण्याचा कारखाना १७८३ पासूनचा, शेजारी त्यांचं संग्रहालय आहे. लग्नाला पांढरे, पदवी मिळाली की लाल, आणि पाहुण्याच्या हातावर मोजून पाच. तारेत गुंफून त्यांची फुलं करतात, ती दुकानाबाहेर टांगलेली असतात आणि पर्यटक आधी त्यांना प्लास्टिकची समजतात.

दुसरं फेर्रातेल्ले. अंडी, साखर, तेल, मैदा आणि बडीशेपेसारख्या वासाचं अनीस, लोखंडी चिमट्याच्या साच्यात दाबून विस्तवावर भाजलेल्या नक्षीदार चकत्या. साच्यावर घराण्याची आद्याक्षरं कोरून तो लेकीला लग्नात द्यायची पद्धत होती. घरमालकिणीच्या साच्यावरची अक्षरं झिजून गेली आहेत.

इटलीत एका युरोत घर मिळतं ना? मी आयटीत आहे, घरून काम करतो. अब्रुत्सोत घ्यावं का?
(एक तरुण वाचक, विजयनगर, इंदूर)

मिळतं, काही गावांनी अशी योजना काढली, अब्रुत्सोत प्रातोला पेलिन्याने काढली होती. पण एक युरो ही घराची किंमत नाही, अर्जाची फी समज. ठरल्या मुदतीत दुरुस्ती करायची हमी द्यावी लागते, अनामत ठेवावी लागते आणि जुन्या दगडी घराला भूकंपाला टिकेल असं बांधायचं म्हणजे खरा खर्च तिथेच. ६ एप्रिल २००९ ला पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी लाक्विलात भूकंप झाला, ३०९ माणसं गेली. इतकी वर्षं होऊनही शहरात क्रेन दिसतात. आणि घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही, तो वेगळा मागावा लागतो.

गावं रिकामी का झाली हेही समजून घे. मेंढ्यांचा धंदा संपल्यावर लोक बेल्जियमच्या खाणीत, अमेरिकेत, व्हेनेझुएलात गेले. ८ ऑगस्ट १९५६ ला बेल्जियममध्ये मार्सिनेलच्या खाणीत आग लागून २६२ कामगार मेले, त्यातले १३६ इटालियन, आणि त्यांत अब्रुत्सोचे बरेच. मानोपेल्लो या एका गावात एकाच दिवशी वीसहून अधिक घरांवर दुःख कोसळलं. जी घरं तुला स्वस्त दिसतात ती अशा लोकांची आहेत. दुकान, दवाखाना, शाळा लांब, बस दिवसातून एखादी. त्यापेक्षा लाक्विला किंवा सुल्मोनात खोली भाड्याने घे, सबंध जानेवारी राहा, रोज सकाळी बर्फ उपस आणि मग मला पत्र लिही.

थोडक्यात

छावणीच्या वाचकास : हो, ग्रान सास्सोच्या पोटात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. दहा किलोमीटरचा महामार्गाचा बोगदा आहे, त्यातूनच आत जायची वाट. डोक्यावर १४०० मीटर खडक असल्यामुळे अवकाशातून येणारे बरेचसे कण अडतात आणि दुर्मीळ कणांचा शोध घेता येतो. लेक नेमकं काय शोधते ते तिलाच विचारावं, मी दर वेळी विचारते.

वडोदऱ्याच्या आजींस : सुल्मोनाहून डोंगरात जाणारी जुनी रेल्वे १८९७ ची आहे, १२६८ मीटरपर्यंत चढते. रोजची गाडी बंद झाली, आता पर्यटकांसाठी ठरावीक दिवशी सुटते. गुडघ्यांना त्रास नाही, जागा मात्र आधी राखून ठेवा.

पलासियाच्या वाचकास : अब्रुत्सोतला बटाटा कुठला विचारलंत, तो फुचिनोचा. फुचिनो हे इटलीतलं तिसरं मोठं सरोवर होतं, एकोणिसाव्या शतकात बोगदा काढून कोरडं केलं, त्याच्या तळाशी आज बटाटा आणि गाजर पिकतं. चिप्सला कसा लागतो ते मी बघितलेलं नाही, आलू महूचाच आणते.

नंदानगरच्या सूनबाईंस : पार्सली नसेल तर कोथिंबीरच, कसुरी मेथी नको.